आज्जीचं गोंदण: कामाची वही

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. गाव, ता. माण

भाऊबीज झाली. वानखेडेवर न्यूझीलंडनं ३-० केलं म्हणून दादा तोंड पाडून बसलाय, त्यामुळं ओवाळणीचं पाकीट यंदा मुकाट्यानं मिळालं.

ऑफिसात रोजच्या कामाची नोंद ठेवायची सवय आहे, तर याचीही ठेवते. काम असं: आज्जीच्या डाव्या हातावरचं गोंदण माझ्या डाव्या हातावर घ्यायचं. मूळ प्रत एकच. ती चालती-बोलती आहे आणि बारीकसारीक गोष्टीवरून चिडते.

गेली सहा वर्षं मी जुने नकाशे उतरवायचंच काम करते. गाव नकाशे, टिपणं, फाळण्या, जमीनमोजणीचा जो जुना कागद येईल तो स्कॅन करून ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांध न् बांध ट्रेस करायचा. तेव्हा हे फार तर दोन संध्याकाळींचं काम, असा माझा हिशेब.

गोंदण तुळशीचं आहे. मनगटापासून चार बोटं वर, हाताच्या आतल्या अंगाला. खाली चौकोनी वृंदावन, त्यातून उभी दांडी, दोन्ही बाजूंना तिरक्या फांद्या आणि भोवती ठिपके. वृंदावनाच्या खाली वेलबुट्टीसारखं काहीतरी आहे. घरात सगळे त्याला ‘राम’ म्हणतात. रंग हिरवट निळा, जुन्या पितळेवर चढतो तसा. लहानपणी मी आज्जीच्या मांडीवर झोपायचे तेव्हा डोळ्यासमोर हेच असायचं. त्या फांद्यांवरून बोट फिरवत मी किती वेळा झोपले असेन.

आज्जीला विचारलं. ती म्हणाली, “कशापायी? आता कोण गोंदतंय?” मग थोड्या वेळानं, “दुखतंय बरं का.”

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साडेसातला उंबऱ्यात बसवून फोटो काढले. त्या वेळी तिरकं ऊन येतं, सावली मऊ पडते. हाताशेजारी सहा इंची पट्टी ठेवली, मोबाइल हाताला समांतर धरला. तेरा फोटो काढले, त्यातले चार बरे आले.

अडचण स्केलची. हात सैल असताना तुळस ५४ मिलिमीटर भरते. कातडी थोडी ताणली की तीच ६२. कोणतं माप खरं धरायचं? शिवाय गोंदलं तेव्हा हात लहान मुलीचा होता. हात वाढला तसं गोंदणही वाढलं, आणि आता कातडी सुटलीय तसं ते आखडलंय. म्हणजे एकाच नकाशाच्या तीन प्रती आणि एकीवरही स्केल लिहिलेलं नाही.

आज्जीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त पिकलाय. फोटो दाखवले तर म्हणाली, “मला काय दिसतंय त्यातलं? मुंग्या लागल्यागत दिसतंय.” पुण्यात आणून ऑपरेशन करायचं आप्पांच्या दोन वर्षं मनात आहे. या वेळी तारीखच घेऊन टाकली.

९ नोव्हेंबर, शनिवार. पुणे

पहिला टॅटू स्टुडिओ बघितला. काचेचं दार, भिंतीवर कवट्या. त्या माणसानं फोटो पाच सेकंद बघितला असेल. म्हणाला, “मॅडम, हे फार प्लेन होतंय. आपण इन्फिनिटी घेऊ, त्यात ‘आजी’ लिहू, शेवटाला हार्टबीट आणि वर एक पीस उडताना.” त्याच्याकडं तसा नमुना तयारच होता. ‘आजी’च्या जागी ‘मॉम’, ‘डॅड’, काहीही बसतं.

नमस्कार करून निघाले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ट्रेसिंग झालं. ऑफिसच्या पद्धतीनंच केलं. सगळ्यात बरा फोटो घेतला, ग्रेस्केल केला, कॉन्ट्रास्ट वाढवला, मागे अडकवला आणि त्यावर पॉलिलाईन, म्हणजे बिंदू जोडत जाणारी सलग रेघ. रेघा आता तीन मिलिमीटरपर्यंत पसरल्यात. दोन्ही कडा सोडून मधून रेघ ओढली. जुन्या नकाशात शाई फुटलेली असली की आम्ही असंच करतो.

फांद्या: तीन जोड्या. ठिपके: अकरा. डावीकडं सहा, उजवीकडं पाच. डावीकडचा एक जरा लांब, कोपराच्या बाजूला सुटलेला. हा असा का, यावर बराच वेळ विचार केला. गोंदणारीचा हात हलला असेल, किंवा मुलीनं हात ओढला असेल. काही का असेना, जसा आहे तसा घ्यायचा हे पक्कं. डिझाइनवाले सुबक करायला जातात आणि त्यातला माणूस काढून टाकतात. मी अकराच्या अकरा ठिपके त्यांच्या वाकडेपणासकट उतरवले. फाइलचं नाव ‘तुळस_अंतिम’.

स्वतःवर खूश आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार. गाव

मतदानाला आले. आज्जीला गाडीवर बसवून शाळेत नेलं. आधार कार्डावर तिचा जन्म १ जानेवारी १९४४. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीच आहे. पंच्याऐंशीच्या पुढं घरी येऊन मत घेतात म्हणतात, पण कागदावर अजून पाच वर्षं कमी पडतात.

डाव्या तर्जनीवर शाई लावून घेतली आणि घरी आल्यावर ते बोट आणि गोंदण शेजारी शेजारी धरून म्हणाली, “ह्ये किती दीस टिकतंय?” मी सांगितलं, ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात होते, १९६२ पासून निवडणुकीत तीच वापरतात, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, काही आठवड्यांत कातडी झडते, नख वाढतं, की गेली. ती म्हणाली, “मग काय उपेग.”

त्यावरून विषय निघाला आणि आज पहिल्यांदा तिनं सगळं सांगितलं. तिच्या बोलीत जसंच्या तसं उतरवता येणार नाही, पण जमेल तेवढं.

शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा. कावडी मुंगी घाटानं वर चढतात ते बघायला तिचे वडील बैलगाडीतून सगळ्या घराला घेऊन गेलेले. डोंगराच्या पायथ्याला झाडाखाली गोंदणारणी बसलेल्या. साल विचारलं तर, “मला काय ठावं? आणं व्हतं तवा. नयं पैसं आलं न्हवतं.” नवे पैसे १९५७ च्या एप्रिलमध्ये आले. लोकांच्या तोंडात आणे पुढंही राहिले असतील, पण साधारण त्याच्या आगेमागे धरायला हरकत नाही. म्हणजे ती दहा-बारा वर्षांची.

“तुला हवं होतं का?”

“मला कोण इचारतंय? आय म्हनाली, बिनगोंदनाची सून नेली तर तिच्या हातचं पानी पीत न्हाईत.”

चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. दिव्याची काजळी, त्यात कसल्यातरी पाल्याचा रस. आधी काडीनं तुळस काढली, मग सुया. एक बाई पाठीमागनं धरून बसलेली आणि गोंदणारीण गाणं म्हणत होती, पोरीचं ध्यान गाण्यात राहावं म्हणून. वर हळद आणि तेल. त्याच सुया पुढच्या पोरीला. हात आठवडाभर सुजलेला, ताप आलेला. मोबदला मापटंभर बाजरी आणि दोन आणे.

“रडलीस?”

“रडती का! अशी बोंब मारली, कावडीवालं थांबून बघाय लागलं.”

मला वाटत होतं गोंदण म्हणजे तिची हौस. तिनं ते मिरवलेलंही मी कधी बघितलं नाही, तरी माझं आपलं ठरलेलं होतं की हौस असणार. विचारलं, “मग मी घेतलं तर तुला आवडेल का?” तिनं उत्तर दिलं नाही. चुलीवरचं दूध उतू जात होतं, ती उठली.

१ डिसेंबर, रविवार. पुणे

दुसरा स्टुडिओ. जिना चढून वर, एकच खोली, फिनाइलचा वास. मला तो वास बरा वाटला. मुलगा सांगलीकडचा, वडील ट्रकच्या नंबरप्लेटी आणि ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवायचे. मला ताई म्हणतो. मी दिलेली प्रिंट त्यानं बाजूला ठेवली आणि फोटो मागितले. ते मात्र दहा मिनिटं बघितले.

त्याच्याकडून कळलेलं लिहून ठेवते. शाई वरच्या कातडीत राहत नाही. ती झडते. सुई दीड-दोन मिलिमीटर खाली, दुसऱ्या थरात जावी लागते. वर राहिली तर महिन्यात फिकं, फार खोल गेली तर रेघ कागदावर शाई फुटावी तशी फुटते. आज्जीच्या रेघा तीन मिलिमीटर झाल्या त्याला वय कारण आहेच, पण चार सुयांची मोळी हातानं टोचलेली, खोली कुठं कमी कुठं जास्त, हेही कारण. आणि काजळी काळी असली तरी कातडीच्या पडद्यातून बघितली की निळी-हिरवी दिसते.

मग त्यानं नेमका प्रश्न विचारला. “ताई, तुम्हाला गोंदलं त्या दिवशीची तुळस पाहिजे, का आजची?” मी म्हणाले, आजची. तो म्हणाला, “आजची घेतली तर मी सुरुवातीलाच तीन मिलिमीटरची रेघ मारणार. तुमच्या हातावर ती पन्नास वर्षांत काय होईल बघा. नुसता डाग दिसेल.” म्हणजे सुरुवात बारीक करावी लागणार, आणि म्हातारपण ज्याचं त्यानं आणायचं. हे मला पटलं, आणि थोडा रागही आला. माझी फाइल ‘अंतिम’ होती.

पद्धत अशी ठरली: रेघा मशीननं, ‘फाइव्ह राउंड लायनर’नं, म्हणजे पाच सुया गोल बांधलेल्या. (मशीन आल्यावरही सुया बांधलेल्याच. फक्त बांधणारा कारखाना.) ठिपके हातानं टोचून, मशीन न लावता. याला हँडपोक म्हणतात. सुई माझ्यासमोर पाकिटातून काढायची आणि झाल्यावर माझ्यासमोर टाकायची, हे त्यानं न विचारता सांगितलं. जत्रेत अजूनही एकाच सुईवर रांग लागते. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, सगळं त्या एका सुईतून जाऊ शकतं. वर्षभर रक्तदान करता येणार नाही, हेही सांगितलं.

गंमत म्हणून सांगत होता. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली नावाच्या माणसानं १८९१ मध्ये टॅटू मशीनचं पेटंट घेतलं, त्याच्या मुळाशी एडिसनचं विजेवर चालणारं पेन होतं. एडिसननं ते कागदाला भोकं पाडून प्रती काढायला केलेलं. प्रती काढायचं यंत्र! माझ्याच धंद्यातलं निघालं की.

दर साडेतीन हजार. उन्हाळ्याआधी करा म्हणाला, घामानं त्रास होतो. १९ जानेवारी धरली.

१२ डिसेंबर, गुरुवार

आईचा फोन. “हातावरच कशाला? पाठीवर घे कुठंतरी.” पाठीवर घेतलं तर मला कसं दिसणार, हा मुद्दा तिला मान्य नाही. स्थळ बघायला येणाऱ्यांना मात्र दिसेल, हा तिचा मुद्दा मला मान्य नाही.

चुलतभाऊ मागं लागलाय, मलापण काढ. तो सैन्यभरतीच्या मागं आहे. त्यांच्यात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढंच चालतं. दंडावर काढायला निघालेला. त्याला थांबवलं.

१८ डिसेंबर, बुधवार

आज्जीचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. काळा चष्मा घालून बाहेर आली आणि पहिलं वाक्य, “दुखलं न्हाई. आमच्या येळला ह्ये असतं तर.” ऑपरेशनबद्दल बोलत होती की गोंदण्याबद्दल, नक्की सांगता येत नाही. महिनाभर आता माझ्याकडंच. थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी बाल्कनीत बसून आज्जी स्वतःच्या हाताकडं बघत होती. बराच वेळ. मला वाटलं दुखतंय. म्हणाली, “हिरवं हाय की गं अजून. मला वाटलं काळं पडलं आसंल.” कितीतरी वर्षांत तिनं तिचं गोंदण नीट बघितलंच नव्हतं.

मी धावत जाऊन प्रिंट आणली. एफोर कागदावर, दुप्पट मोठी, काळी कुळकुळीत. तिनं कागद आधी उलटा धरला, मग सरळ केला. हातावर बोट ठेवायची, कागदावर बोट ठेवायची. रेघा पटल्या. फांद्या पटल्या. मग ठिपक्यांवर आली आणि थांबली.

“ही दोन कुठनं आणलीस?”

“कुठली?”

“ही. आन् ही.” डावीकडचा तो कोपराकडं सुटलेला, आणि त्याच्या खालचा.

“तुझ्या हातावर आहेत की.”

तिनं हात माझ्या नाकासमोर धरला. “बघ नीट. ह्ये गोंदन हाय व्हय? म्हातारपनाचं डाग हायती ते. पाच-सात वरसं झाली उठून.”

बघितलं. नऊ ठिपके हिरवे आहेत. दोन तपकिरी. उन्हात तर लहान पोरालाही कळेल.

“नऊच व्हतं. मी मोजल्यात की. दर ठिपक्याला बोंब मारली व्हती मी.”

मी ग्रेस्केल केलं होतं. रंगच काढून टाकल्यावर हिरवं काय आणि तपकिरी काय. आणि त्या सुटलेल्या ठिपक्यावर मी काय काय रचलं होतं: गोंदणारीचा हलला हात, मुलीनं ओढला हात, जपून ठेवायचा वाकडेपणा. तो वांग होता. आज्जी हसायला लागली ते थांबेचना. शेवटी डोळ्याला ताण नको म्हणून मीच ओरडले.

३० डिसेंबर, सोमवार

ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी नव्या मुलानं एका नकाशावरचा चहाचा डाग विहीर म्हणून ट्रेस केला होता. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले होते, कागद वाचायच्या आधी कागदाचं वय वाच. आज जेवणाच्या सुट्टीत त्याला माझ्या डब्यातली तिळाची चटणी जरा जास्तच वाढली.

संध्याकाळी ‘तुळस_अंतिम_२’ केली. ते दोन डाग पुसले नाहीत. वेगळ्या लेयरवर, म्हणजे फाइलमधल्या वेगळ्या थरावर टाकले, लेयरला नाव दिलं ‘वय’, आणि लेयर बंद केला.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज ‘राम’चा उलगडा झाला.

वृंदावनाच्या खालचं ते मी वेलबुट्टी म्हणून रेघेला रेघ उतरवलेलं. आता रंगीत फोटो मोठा करून बघितला तर अक्षरं दिसली. शिरोरेषा नाही, एक काना तिरका गेलाय, पण अक्षरंच. दोन. आणि ‘राम’ नक्कीच नाही.

आज्जीला विचारलं, हे काय लिहिलंय. तिला वाचता येत नाही. म्हणाली, “माझं नाव हाय.”

“तुझं नाव तर हे नाही.”

“हितलं न्हाई. म्हायेरचं.”

लग्नात नाव बदललं. नवऱ्यानं तांदळात नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून जुनं कुणी घेतलं नाही. आई-वडील गेले, भाऊ गेला, त्यानंतर ते नाव ठाऊक असलेलं माणूस उरलं नाही. रेशन कार्डावर नाही, मतदार यादीत नाही, आधारवर नाही, सातबाऱ्यावर वारस लागली तेव्हाही नाही. आप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांना फोन केला तर ते गप्प झाले, मग म्हणाले, “आम्ही राम समजत होतो.” ती का बोलली नाही कधी? “राम म्हनत व्हते, म्हनू दे. रामाचं नाव काय वंगाळ हाय व्हय.”

सरकारदरबारच्या कागदात नावं शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि हे नाव माझ्या उशाशी होतं.

मी लगेच म्हणाले, मग नावासकट घेते मी. ती ठामपणे नाही म्हणाली. “तुळस घे तू. नाव नगं. मेल्यावर दागिनं काढून घेत्यात, गोंदन तेवढं संगं येतंय. माझं नाव माझ्यासंगं येऊ दे.” आणि मग, “कुटं लिहू बी नगं.”

म्हणून इथं लिहीत नाही. फाइलमधूनही काढलं. या वेळी लेयर बंद केला नाही, डिलीट केला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ. आज्जीनं सोसायटीतल्या चार बायकांना गोंदण दाखवलं आणि माझी चूक रंगवून सांगितली. आता मला बघितलं की त्या हसतात.

१९ जानेवारी, रविवार

आज झालं.

आज्जीला बरोबर नेलं. जिना चढताना दोनदा बसली. आत शिरल्यावर सगळीकडं बघून घेतलं, मग त्या मुलाला विचारलं, “तू कुणाचा रं?” गाव, आडनाव, मामाचं गाव एवढं झाल्यावर तिचं समाधान झालं.

त्यानं माझा हात साफ केला, लव काढली, स्टेन्सिल लावलं. जांभळी तुळस उठली. आज्जी वाकून बघत होती. “फांद्या ब्येस. ठिपकं न्हाई बसलं.” पोरगा म्हणाला, “कुठं पाहिजेत, आज्जी?” आणि तिच्या हातात कातडीवर खुणा करायचं पेन दिलं.

सहीच्या जागी अंगठा करणाऱ्या बाईनं पेन काडीसारखं धरलं, मुठीत. स्वतःच्या हाताकडं तिनं बघितलंच नाही. डोळे अर्धे मिटून, ओठ हलवत, एक एक ठिपका ठेवत गेली. वरनं खाली. प्रत्येक ठिपक्यानंतर थांबायची. कदाचित त्या वेळची बोंब मनात मारून घेत असेल. चौथ्याला हात थरथरला आणि ठिपका फांदीपासून बोटभर लांब पडला. पोरगा स्पिरिटचा कापूस घेऊन तयार. “पुसू का?”

मी आज्जीकडं बघितलं. ती म्हणाली, “पूस की. चुकलाय त्यो.”

तर पुसला. वाकडेपणाचं माझं तत्त्वज्ञान त्या कापसाबरोबर गेलं. दुसऱ्यांदा नीट बसला. नऊ झाले.

रेघांना चाळीस मिनिटं लागली. मशीनचं दुखणं गरम चिमट्यासारखं सलग असतं, सवय होते. हातानं टोचलेल्या ठिपक्यांचं वेगळं. प्रत्येक टोचणीला थांबून पुढची येते. थांबणंच जास्त लागतं. एका ठिपक्याला पंचवीस-तीस टोचण्या. आज्जी माझ्या पाठीमागं स्टुलावर बसली होती, दोन्ही खांद्यांवर हात. “तिकडं बघू नगं. माझ्याकडं बघ.” पाठीमागं बसलेल्या माणसाकडं कसं बघणार, पण बघू नको म्हणणं महत्त्वाचं.

मधेच त्या मुलाला विचारते, “तुमच्यात गानं म्हनत न्हाईत व्हय?” कोपऱ्यात स्पीकरवर काहीतरी इंग्रजी हळू चाललं होतं. तो म्हणाला, “तुम्ही म्हणा की, आज्जी.” तिनं प्रयत्न केला. शब्द आठवले नाहीत. चाल आठवली. ती नुसती हूं-हूं करत चाल गुणगुणत राहिली, त्यानं स्पीकर बंद केला, आणि शेवटचे तीन ठिपके तेवढ्यात झाले.

एकूण दोन तास दहा मिनिटं. साडेतीन हजार दिले. आज्जी नोटा मोजताना बघत होती. जिन्यात म्हणाली, “ह्येवढ्यात बाजरीचं पोतं आलं असतं.”

२० ते ३१ जानेवारी

रोजची नोंद ठेवली नाही, मुख्य तेवढं.

पहिले तीन दिवस वर पारदर्शक फिल्म. तिच्याखाली शाई आणि पाणी साचून काळपट दिसतं. आज्जीनं बघून “पू झालाय” म्हणून घर डोक्यावर घेतलं, हळद-तेलाची वाटी घेऊन मागं फिरत होती. हळद लावायची नाही, उन्हात न्यायचं नाही, पोहायचं नाही. सहाव्या दिवसापासून खपल्या आणि जीव जाईल अशी खाज. तिचा सल्ला, “खाजवू नगं, थापट.” स्टुडिओच्या छापील कागदावरही हेच आहे.

या दिवसांत वाचलेलं एक. शाई तिथंच का राहते? कातडीतल्या पेशी, ज्यांचं काम बाहेरचा कचरा गिळणं, त्या शाईचे कण गिळतात आणि पचवू शकत नाहीत, म्हणून धरून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारी नवी आलेली पेशी ते पुन्हा उचलते. आज्जीला सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजी वारसनोंद.” जमिनीच्या कागदांत माझी सहा वर्षं गेली आणि हा शब्द तिला आधी सुचला.

२६ तारखेला आप्पा येऊन तिला घेऊन गेले. घर मोठं वाटतंय.

२ मार्च, रविवार

टच-अप. आठ ठिपके छान बसलेत, सातवा फिका आलाय, खपलीबरोबर शाई गेली. दहा मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत. रेघा स्वच्छ. रंग अजून काळा आहे.

फाइल ‘तुळस_अंतिम_३’ नावानं ठेवली. त्यात ठिपके आज्जीनं ठेवले त्या जागी सरकवले. मूळ हातावरच्या जागांशी ताडून बघितलं, तर नऊपैकी सहा मिलिमीटरभराच्या फरकानं जुळतात. तीन नाहीत. ते तिनं जिथं ठेवले तिथंच.

संध्याकाळी आप्पांचा फोन. आज्जी गावात सगळ्यांना सांगतेय, नातीनं माझी तुळस काढून घेतली, ठिपकं मी स्वतः मांडलं. किंमत विचारली की पाच हजार सांगते.